वॉल्टर तीन वेळा हलला

आमच्या आर्काइव्हमध्ये किस्से कोणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. मी एखाद्या जुन्या फोटोमागे फक्त नाव लिहायला बसते. "डावीकडून तिसरा कोण?" एवढाच माझा प्रश्न असतो. उत्तराला पाच सेकंद पुरे. पण सांगणारा आधी खुर्ची पुढे ओढतो, दाराकडे एकदा बघतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "हे तू कुठे लिहू नकोस, पण..." झालं! नाव राहतं बाजूला आणि माझ्या डोक्यात आणखी एक किस्सा जमा होतो.

मी मूळची सांगलीची. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात, त्याहून छोट्या कॉलेजच्या लायब्ररीत, तळघरात बसून जुने कागद, फोटो आणि फिल्म सांभाळते. स्वभाव आधीपासूनच संशयी, त्यात नोकरीही तशीच मिळाली. फोटोमागे लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. आणि या कामातली सगळ्यात संशयी माणसं म्हणजे माझे मंगळवारचे तीन म्हातारे.

हॅल, रॉय आणि युजीन. तिघेही नव्वदीच्या आगेमागे. तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारते, घरी बोलताना हॅलकाका, रॉयकाका म्हणते. तिघेही सत्तर वर्षांपूर्वी कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये होते. त्या सीझनच्या फिल्मचे डबे सापडल्यापासून दर मंगळवारी सकाळी दहाला येतात, स्क्रीनसमोर बसतात आणि मला माणसं ओळखून देतात.

इथला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. मधला माणूस, म्हणजे सेंटर, वाकून चेंडू पायांमधून मागे देतो. त्याच्या मागे चिकटून उभा असलेला क्वार्टरबॅक तो घेतो आणि एक तर लांब फेकतो, नाहीतर पळणाऱ्याच्या हातात देतो. फेकणार की पळणार, हे समोरच्यांना आधी कळलं की खेळ खलास!

त्या वर्षी नऊ मॅचेस होत्या. आठ जिंकल्या. नववी, डोंगरापलीकडच्या कॉलेजबरोबरची, हरले. नुसते हरले नाहीत, समोरच्यांना प्रत्येक चाल आधीच कळत होती. म्हणजे कोणीतरी फोडली. आणि कोणी, तेही कधीच ठरलेलं आहे. वॉल्टरने! वॉल्टर सेंटर होता. हॅल क्वार्टरबॅक होता आणि अजूनही आहे, असं त्याचं वागणं आहे. हॅल बोटांवर पुरावे मोजतो, "एक, वॉल्टरची चालींची वही गायब झाली. दोन, त्याची गर्लफ्रेंड त्या गावची. तीन, शेवटच्या मॅचमध्ये तो तीन वेळा हलला!"

चेंडू देण्याआधी सेंटरने हलायचं नसतं. हलला की शिट्टी, दंड आणि टीम पाच यार्ड मागे. वॉल्टर तीनदा हलला. कोचने त्याला स्वेटरवर मानाने शिवायचं कॉलेजच्या नावाचं लोकरीचं अक्षर दिलं नाही, जे टीममधल्या सगळ्यांना मिळालं. आणि आता या वर्षी होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, स्टेडियमच्या नव्या गेटवर त्या टीमच्या नावांची पाटी लागणार होती. यादी तपासायचं काम आमच्या मंगळवारच्या टेबलाकडे आलं. नावं अडतीस होती. हॅलने पेन्सिल घेतली, एक नाव खोडलं आणि म्हणाला, "सदतीस."

ती यादी माझ्या हातून जाणार होती. मला ते आवडलं नव्हतं, पण वॉल्टर निर्दोष आहे असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

* * *

कोच जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हे तिघे अजून त्याचं नाव घेत नाहीत. नुसतं 'कोच'. हा इतका संशयी की प्रॅक्टिसच्या मैदानाभोवती ताडपत्री लावून घ्यायचा. वरून विमान गेलं तरी सगळ्यांना चेंडूवर पालथं पडायला सांगायचा.

एकदा मैदानापलीकडे विजेच्या खांबावर एक माणूस चढलेला दिसला. कोचने शिट्टी मारली. "वर बघू नका! त्यांनी पाठवलाय!" मग त्याला फसवायला म्हणून कोचने जागच्या जागी एक खोटी चाल रचली. सगळे डावीकडे पळणार आणि चेंडू जाणार उजवीकडे, रॉयच्या हातात! रॉय म्हणजे टीममधला सगळ्यात जाडा माणूस. त्याचं काम फक्त अडवणं. त्याने जन्मात चेंडू हातात धरला नव्हता. दोन तास तीच चाल. खांबावरच्या माणसाने तार जोडली, खाली उतरला आणि वीज कंपनीच्या गाडीत बसून निघून गेला.

शनिवारी मॅच अडली. काही म्हणजे काही चालेना. शेवटी कोचने वैतागून तीच खोटी चाल खेळायला लावली. रॉय एकटाच उजवीकडून डुलत डुलत गेला. टचडाउन! आयुष्यातला पहिला आणि शेवटचा.

सगळे म्हणाले, "बघा कोच, तो खरंच वायरमन होता. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं."

कोच म्हणाला, "छे! हेरच होता. ही चाल खोटी आहे हे त्यानेच त्यांना सांगितलं असणार, म्हणून तर कोणी रॉयला अडवलं नाही!"

* * *

युजीनकाका अख्खा सीझन बाकावर बसून होते. ते स्वतःच सांगतात, "मी एकही मॅच खेळलो नाही, त्यामुळे माझ्यावर संशय घ्यायला जागाच नाही." कोचने त्यांना दुसरं काम दिलं होतं. चालींच्या वह्यांवर नंबर घातलेले असत. सकाळी वाटायच्या, संध्याकाळी मोजून परत घ्यायच्या. ती सवय अजून सुटलेली नाही. आमच्याकडे शाईचं पेन चालत नाही, म्हणून मी सगळ्यांना पेन्सिली देते. निघताना युजीनकाका त्या मोजतात. एकदा एक कमी भरली, तर रॉयकाकांचे खिसे तपासेपर्यंत कोणाला उठू दिलं नाही!

शेवटच्या मॅचच्या आठवड्यात बावीस नंबरची वही परत आली नाही. बावीस म्हणजे वॉल्टर. "मी बेंचवर ठेवली होती," एवढंच तो म्हणाला. हा हॅलचा पुरावा नंबर एक.

तर गेल्या मार्चमध्ये कोचच्या घरून आलेली खोकी उघडत होते. त्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमधल्या कागदांत एक पातळ वही निघाली. वर आकडा, बावीस! आत कोचच्या अक्षरात चिठ्ठी होती, "ही मीच उचलली आहे. युजीन नीट मोजतो का बघायचंय." खाली दुसऱ्या दिवशीची तारीख घालून, "मोजतो."

जिच्यावरून एका माणसावर सत्तर वर्षं आळ होता, ती वही माझ्या हातात होती. मंगळवारी मी ती तिघांसमोर ठेवली.

युजीनकाकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. डोळे पुसले. मग हॅलकडे वळून म्हणाले, "बघ! मी बरोबर मोजलं होतं!"

* * *

हॅल डगमगला नाही. "वही नसेल दिली. सेंटरला वही लागते कशाला? सगळं डोक्यात. आणि दर गुरुवारी बसने डोंगरापलीकडे जायचा ना?"

दर गुरुवारी वॉल्टर खरंच जायचा. तिकडे डॉरथी राहत होती. कोचला सुगावा लागल्यावर त्याने वॉल्टरवर पाळत ठेवायला माणूस नेमला. कोण? रॉय! टीममध्ये लपवता येणार नाही असा हा एकच माणूस, आणि नेमका तोच.

रॉय बसमध्ये सगळ्यात मागे बसला. तोंडासमोर पेपर धरला. उतरला तेव्हा वॉल्टरपासून वीस पावलं अंतर ठेवलं. डॉरथीच्या दारात पोचल्यावर वॉल्टर मागे न बघताच म्हणाला, "रॉय, पाय पुसून आत ये. पेपर उलटा आहे."

डॉरथीच्या आईने रॉयला तीन वेळा वाढलं. परत आल्यावर कोचने रिपोर्ट मागितला. रॉयने तो दिला, आणि आजही शब्द न् शब्द म्हणून दाखवतो, "संशयास्पद काही नाही. गोडाला ॲपल पाय होता. पुढच्या गुरुवारी पुन्हा तपास करावा लागेल."

कोचने पुढच्या गुरुवारी वॉल्टरवर पाळत ठेवली नाही. रॉयवर ठेवली!

वॉल्टरने पुढे डॉरथीशी लग्न केलं. ती चार वर्षांपूर्वी गेली. हॅलच्या मते लग्न झालं हाच मुळी पुरावा.

* * *

त्या काळात एक पद्धत होती. मॅचच्या आधी दोन्ही कॉलेजांनी आपापल्या जुन्या मॅचची फिल्म एकमेकांना पाठवायची. सभ्यपणाचा मामला. आमचा कोच सभ्य होता, पण मूर्ख नव्हता. पाठवण्याआधी तो कात्री घेऊन बसायचा. नव्या, खास चाली कापून काढायचा, रोजच्या साध्या चाली तेवढ्या ठेवायचा आणि दोन्ही टोकं चिकटवून डबा पोस्टात टाकायचा.

हे कळलं कसं? बिस्किटांचा एक गंजलेला डबा निघाला. झाकण उघडताच आंबूस वास भपकन आला. जुनी फिल्म सडायला लागली की असाच वास येतो. आत फिल्मचे कापलेले तुकडे, प्रत्येकाला कागदाची पट्टी. एक एक तुकडा जोडून मी सगळं पुन्हा लावलं. दोन महिने गेले त्यात.

मी हॅलकाकांना म्हटलं, "म्हणजे तुमचा कोच फसवत होता!"

ते म्हणाले, "आणि ते नव्हते फसवत? त्यांच्याकडून आलेल्या फिल्ममध्ये तर नुसती माणसं उठून अंग झटकताना दिसायची. अख्ख्या सिनेमात फक्त मध्यंतर!"

मग छाती काढून म्हणाले, "आमच्या रोजच्या साध्या चाली बघून कोणाला काय कळणार होतं?"

* * *

वॉल्टरचं घर लायब्ररीपासून तीन गल्ल्या पलीकडे आहे. गावात किराण्याचं दुकान एकच. तिथे समोरून वॉल्टर आला की हॅल ट्रॉली वळवतो, मग त्याला दूध मिळो न मिळो. वॉल्टर मंगळवारी कधी येत नाही, कारण त्याला कोणी बोलावलेलंच नाही. शेवटी मीच फोटोंची फाइल घेऊन त्याच्याकडे गेले.

वॉकर धरून त्याने दार उघडलं. कॉफी केली. फोटोतली सगळी माणसं धडाधड ओळखली. कोण कुठल्या गावचा, कोणाचा गुडघा कुठल्या मॅचमध्ये गेला, सगळं. फक्त एका चेहऱ्यावरून बोट पुढे नेलं.

"आणि हा?" मी विचारलं.

"तो मी."

खुर्चीच्या पाठीवर जुना स्वेटर होता. छातीवर अक्षराची जागा रिकामी. मला राहवलं नाही. सरळ विचारलं, "चाली तुम्ही फोडल्या होत्या?"

वॉल्टरने कॉफी ढवळली. "हॅल काय म्हणतो?"

"हॅल म्हणतो, तुम्हीच."

"मग ठीक आहे. क्वार्टरबॅक तो होता. कोणती चाल, हे तोच सांगायचा."

म्हणजे हो की नाही? निर्दोष माणूस असं बोलतो का? घरी जाताना मला पहिल्यांदाच वाटलं, हॅलचं खरं असावं. शिवाय ते तीन वेळा हलणं होतंच. आठ मॅचमध्ये एकदाही न हललेला माणूस नवव्या मॅचमध्ये तीनदा कसा हलतो?

* * *

ऑगस्टमध्ये आई आली. घरी एकटी कंटाळते म्हणून मंगळवारी तिला बरोबर नेलं. तळघरात पाऊल टाकताच नाकाला पदर लावून म्हणाली, "अगं वृंदे, लोणचं नासलंय का कुठे?"

मग एका कोपऱ्यात बसून पिशवीतून कापूस काढला आणि वाती वळायला लागली. तिघे म्हातारे फिल्म सोडून तिच्याकडेच बघायला लागले. युजीनकाका पुढे झाले आणि वाती मोजल्या! निघताना पुन्हा मोजल्या आणि वाढलेल्या बघून जास्तच अस्वस्थ झाले.

हॅलकाकांनी मला बाजूला घेतलं. "तुझी आई कुठून आली?"

"सांगलीहून."

"ते डोंगराच्या कुठल्या बाजूला?"

दोनतीन मंगळवार आईने हा खेळ पाहिला आणि मत दिलं, "पडतात, उठतात, पुन्हा रांगेत उभे राहतात. आपल्याकडे गॅसच्या रांगेत इतकी शिस्त नव्हती गं." पण बघायची मात्र. हात वातींवर, नजर स्क्रीनवर.

यादी पाठवायला दहा दिवस उरले होते. त्या दिवशी म्हातारे गेले होते आणि मी शेवटच्या मॅचची फिल्म एकटीच तपासत होते. मागून आईचा आवाज आला, "आता फेकणार."

हॅलने चेंडू फेकला.

"आता पळणार."

पळाला.

"फेकणार. पळणार. पळणार. फेकणार."

चौदा वेळा म्हणाली, चौदाही वेळा बरोबर! मला आधी तिचाच संशय आला. "आई, ही फिल्म तू आधी बघितली आहेस!"

"मी कधी बघणार बाई? अगं, तो उंच पोरगा बघ ना, तुमचे हॅलकाका. फेकायचं असलं की उजवा पाय वीतभर मागे घेतो. पळायचं असलं की दोन्ही पाय सारखे."

मी फिल्म मागे नेली. पुन्हा लावली. दुसऱ्या मॅचची लावली, तिसऱ्याची लावली. प्रत्येक वेळी! ज्या साध्या चाली कोचने मोठ्या मनाने डोंगरापलीकडे पाठवल्या, त्या प्रत्येकीत हॅलचा पाय सांगत होता. फोडणारा सापडला होता आणि तो दर मंगळवारी माझ्याच टेबलाशी बसून दुसऱ्याचं नाव खोडत होता.

"तुला कसं कळलं?"

"तुझे आजोबा आणि नानाकाका मेंढीकोटला भिडू असायचे. हुकूम हातात आला की नानाकाका चप्पल शोधल्यासारखा पाय हलवायचे. त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. मी आणि तुझी आत्या डावावर डाव मारायचो. हातांकडे सगळेच बघतात गं."

मी फोन उचलला. हॅलला आत्ताच्या आत्ता सांगणार होते. आईने फोन काढून घेतला.

"सांगू नकोस. सांगितलं की माणसं भांडतात. दाखव. आणि त्या दुसऱ्यालाही बोलाव."

* * *

यादी जायच्या आधीचा मंगळवार. बरोबर दहाला लिफ्टचं दार उघडलं आणि वॉल्टर वॉकर ढकलत आत आला. हॅलने आपली खुर्ची भिंतीकडे वळवली. रॉय म्हणाला, "वॉल्टर, पाय पुसलेस का?" एवढ्यावर फक्त वॉल्टर हसला. युजीनने माणसं मोजली, खुर्च्या मोजल्या आणि आणखी एक खुर्ची आणली.

मी काही न बोलता शेवटची मॅच लावली. थोड्याच वेळात हॅलची खुर्ची आपोआप स्क्रीनकडे फिरली. न बघता राहवतंय कुठे? आई वाती वळता वळता तिच्या इंग्लिशमध्ये म्हणायला लागली, "थ्रो." हॅलने फेकला. "रन." पळाला. "थ्रो." फेकला. रॉय तोंड उघडं टाकून आईकडे बघत राहिला.

तेवढ्यात पडद्यावर पंचाने शिट्टी तोंडात घातली. हॅल उठून उभा राहिला. "हा बघा! हलला! एक!"

आई उठली. स्क्रीनला हात लावायचा नाही हा आमचा नियम आहे. आज तो मोडू दिला. आईने बोट टेकवलं, पण वॉल्टरवर नाही. त्याच्या मागे, जमिनीवर, हॅलच्या उजव्या बुटावर.

मी फिल्म मागे नेली आणि सावकाश सोडली. वॉल्टर वाकलाय, हातात चेंडू. हॅल त्याच्या मागे. हॅलचा उजवा पाय वीतभर मागे सरकतो. मग वॉल्टरची टाच उचलली जाते, मागे जाते, हॅलचा बूट शोधते आणि त्यावर आपटते. एकदा. शिट्टी.

हे मी इतक्या वेळा फिल्म बघूनही पाहिलं नव्हतं. मीही हॅलच्याच पायाकडे बघत राहिले होते.

दुसऱ्यांदा हलला. तीच टाच, तोच बूट. तिसऱ्यांदा इतक्या जोरात की पडद्यावरचा हॅल खाली बघतो आणि चिडून वॉल्टरला धक्का मारतो.

"परत लाव," हॅल म्हणाला.

मी लावली.

"परत."

पाच वेळा लावली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, कोणाचा ते मात्र ठरवता येत नव्हतं. हॅलने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं. सत्तर वर्षांत वॉल्टरशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

"तिसऱ्या मॅचपासून," वॉल्टर म्हणाला. "पाय मागे गेला की चेंडू घ्यायला माझ्याखाली धरलेले तुझे हात सैल पडायचे."

"मग बोलला का नाहीस? तेव्हा नाही, कोचला नाही, नंतर कधीच नाही. का?"

वॉल्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आज कॉफी कोणाच्या पाळीची आहे?"

"माझ्या," रॉय म्हणाला आणि उठला.

हॅलने माझ्याकडे हात पुढे केला. मी पेन्सिल दिली. त्याने यादी ओढली, खोडलेलं नाव तसंच ठेवलं आणि सगळ्यात वर, स्वतःच्या नावाच्याही वर, ते पुन्हा लिहिलं. अक्षर खूप हलत होतं. युजीनने बोट फिरवत नावं मोजली.

"अडतीस. आता बरोबर आहे."

बारा वाजता सगळे निघाले. आमची लिफ्ट जुनी आहे, यायला वेळ लावते. सगळ्यात पुढे वॉल्टर, वॉकरवर दोन्ही हात टेकून वाकलेला. त्याच्या मागे हॅल. मागे रॉय, युजीन, मी आणि आई. हॅलला काहीतरी बोलायचं होतं. दोनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा खाकरला आणि त्याचा उजवा पाय वीतभर मागे सरकला.

वॉल्टरने मागे वळून पाहिलं नाही. एक हात वॉकरवर घट्ट धरला आणि टाच मागे नेऊन हॅलच्या बुटावर हळूच आपटली.

हॅलने पाय पुढे घेतला. लिफ्टचं दार उघडलं.